हिंगोली जिल्ह्यातील दुकाने : उघडणारी आणि बंद होणारी

मराठी व्यापारी पेठेत 'दुकान बंद केले' असे सहसा म्हणत नाहीत. रात्री फळ्या लावून कुलूप घातले, तरी 'दुकान वाढवले' असे म्हणण्याचा प्रघात आहे. 'बंद' या शब्दातील अमंगळ छटा लक्ष्मीच्या ठिकाणी नको, एवढाच त्यामागील हेतू. किरकोळ दुकानांच्या बाबतीत सरकारी दप्तरातही काहीसा असाच प्रकार आढळून येतो. दुकान उघडले की त्याची नोंद होते. मात्र ते कायमचे बंद झाले, तर ती गोष्ट दप्तरात बहुधा उतरत नाही. परिणामी दप्तरातील दुकानांची संख्या वर्षानुवर्षे वाढतच असते आणि रस्त्यावरील परिस्थिती मात्र निराळी असते.

हा केवळ आकडेमोडीचा प्रश्न नव्हे. शेतीचा तुकडा अपुरा पडू लागलेला तरुण वडिलांकडून काही रक्कम घेतो, बँकेचे थोडे कर्ज काढतो आणि तालुक्याच्या गावी गाळा घेऊन दुकान मांडतो, तेव्हा पेठेत चालू असलेली दुकानेच त्याच्या डोळ्यांसमोर असतात. त्याच गाळ्यात यापूर्वी किती जणांनी काय मांडले आणि किती दिवसांत उचलले, हे त्याला कोणी सांगत नाही. मुद्रा योजनेखाली ८ एप्रिल २०१५ पासून 'शिशु' गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळण्याची सोय झाली आणि अनेक लहान दुकानदारांना सावकाराच्या दारी जाण्याची गरज उरली नाही, ही गोष्ट खरी. परंतु दुकान बंद पडले तरी कर्जाचे हप्ते चालूच राहतात. तेव्हा कोणत्या प्रकारची दुकाने टिकतात आणि कोणती टिकत नाहीत याची माहिती, कर्ज घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही, आधी मिळणे अगत्याचे आहे.

पेठेचा इतिहास

हिंगोली हा परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेला जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ असे त्याचे पाच तालुके. २००१ च्या जनगणनेत या प्रदेशाची लोकसंख्या सुमारे ९ लाख ८७ हजार होती. २०११ मध्ये ती ११ लाख ७७ हजार ३४५ झाली. तीपैकी जेमतेम १५ टक्के लोक नागरी भागात राहत होते. हिंगोली आणि वसमत या दोन शहरांच्या पेठा मोठ्या, त्यांच्याखालोखाल कळमनुरी. औंढ्याची बाजारपेठ नागनाथाच्या यात्रेकरूंवर बरीचशी अवलंबून, तर नर्सी नामदेव येथील दुकानदारी वारकऱ्यांच्या येण्याजाण्यावर. उरलेली दुकाने सातशेंहून अधिक खेड्यांत विखुरलेली आहेत.

हिंगोलीच्या पेठेला दुकाने येण्याजाण्याचा अनुभव नवा नाही. निजामी राजवटीत येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. शिपाई, घोडी, अधिकारी आणि त्यांचे नोकरचाकर यांच्या गरजांवर छावणीचा बाजार चालत असे. १९०३ साली ही फौज हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन करण्यात आली आणि छावणी उठली. ज्यांचे गिऱ्हाईक शिपाई होते, त्यांचा आधार त्याबरोबर गेला. परंतु हिंगोली ही कापसाचीही मोठी पेठ होती. १९१२ साली पूर्णा-हिंगोली रेल्वे सुरू झाली आणि कापसाच्या व भुसाराच्या व्यापाराला नवा मार्ग मिळाला. एक गिऱ्हाईक गेले आणि दुसरे आले. नव्या गिऱ्हाइकाला लागणारा माल ज्यांनी ठेवला ते दुकानदार तरले.

१९९९ सालीही हेच घडले, फक्त उलट दिशेने. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि इतर जिल्हास्तरीय कचेऱ्या हिंगोलीत आल्या. कचेरी आली की मुद्रांक विक्रेता, टंकलेखक, छायाप्रती काढणारा, चहावाला आणि खाणावळ ही मंडळी पाठोपाठ येतात. बदलून आलेल्या कर्मचाऱ्यांची बिऱ्हाडे आली की भांडी, कपाटे, पंखे व मुलांचे गणवेश यांची विक्री वाढते. जिल्ह्याचे ठिकाण होणे ही हिंगोलीच्या किरकोळ व्यापारातील गेल्या पाव शतकातील सर्वांत मोठी घटना होय, असे म्हणण्यास हरकत नाही.

पाट्या बदलत गेल्या

मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी बसस्थानकासमोर उभे राहून मागील चाळीस वर्षांचा विचार केला, तर एकाच गाळ्यावर किती पाट्या चढल्या आणि उतरल्या हे ध्यानात येते. ऐंशीच्या दशकात ध्वनिफिती भरून देणारी दुकाने आली. नव्वदीत पिवळ्या पाटीची एस.टी.डी. केंद्रे गल्लोगल्ली उघडली. रात्री दर कमी होत तेव्हा तेथे रांगा लागत. दोन हजार सालानंतर मोबाईल फोन स्वस्त झाले आणि ही केंद्रे काही वर्षांतच दिसेनाशी झाली. त्यांतील अनेक गाळ्यांत मग मोबाईल दुरुस्ती व रिचार्जची दुकाने बसली. रिचार्ज घरबसल्या होऊ लागले, तेव्हा त्याच टेबलावर ऑनलाईन अर्ज भरणे, सातबारा काढून देणे, पीक विम्याचे अर्ज पाठवणे ही कामे सुरू झाली. छायाचित्रकाराच्या दुकानाचीही हीच कथा. फिल्मचा रोल धुण्याचे काम संपले आणि पारपत्राच्या आकाराची छायाचित्रे, लग्नाचे चित्रीकरण व छपाई एवढ्यावर दुकान आले.

यांतील किती दुकाने 'बंद झाली' असे म्हणावे? मालक तोच, गाळा तोच, कुटुंबाचा चरितार्थही त्यावरच. बदलला तो केवळ माल. पाट्या मोजणाऱ्याला येथे एक दुकान बंद आणि एक चालू झालेले दिसेल. मालक मोजणाऱ्याच्या लेखी काहीच घडलेले नसेल. मोजणीपूर्वी आपण काय मोजतो आहोत हे ठरवले नाही, तर दोघांचे आकडे बरोबर असूनही निष्कर्ष परस्परविरुद्ध निघतील.

दुकान बंद होणे म्हणजे प्रत्येक वेळी ते बुडणेच असते, असेही नाही. जुन्या पेठेतील दुकान उचलून रुंद रस्त्यावर नेलेले असते. मुलगा शिकून पुण्यास वा छत्रपती संभाजीनगरला नोकरीस लागतो आणि वडील थकले की चालते दुकान कुलूपबंद होते. कायद्याने वा न्यायालयाच्या आदेशाने बंद होणारी दुकाने आणखी वेगळी. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील मद्यविक्री बंद करण्याचा आदेश दिला आणि १ एप्रिल २०१७ पासून देशभर अशा दुकानांना टाळे लागले. पुढे काही प्रमाणात सवलती मिळाल्या, त्यामुळे त्यांतील काही पुन्हा उघडली. या दुकानांना गिऱ्हाईक कमी होते म्हणून ती बंद झाली नव्हती. कारण न विचारता केवळ संख्या घेतली, तर हे सारे प्रकार एकाच रकान्यात पडतात.

सोयाबीन, हळद आणि उधारी

हिंगोलीच्या दुकानदाराचे वर्ष शेतीच्या वर्षाशी बांधलेले आहे. जूनमध्ये पेरणी, तेव्हा बी-बियाणे व खते यांची दुकाने गजबजलेली असतात. परंतु त्या विक्रीतील मोठा भाग उधारीचा असतो. सोयाबीन घरात येते ते दसरा-दिवाळीच्या सुमारास. कापड, किराणा, भांडी, सोने या सर्वांची उलाढाल तेव्हा होते. मराठवाड्याच्या पुष्कळशा भागात या एका हंगामावर वर्ष काढावे लागते. हिंगोली जिल्ह्याला मात्र हळदीचा दुसरा आधार आहे. राज्यात हळदीखाली सर्वाधिक क्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत हिंगोली अग्रभागी आहे. हिंगोली व वसमत येथील हळदीची मोठी बाजारपेठ सर्वपरिचित असून वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हळद काढणे, शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे ही कामे उरकून माल बाजारात येतो तो उन्हाळ्यात, म्हणजे नेमका लग्नसराईत. त्यामुळे येथील कापड व भांड्यांच्या दुकानदाराला वर्षातून दोनदा रोकड पाहावयास मिळते.

याचाच दुसरा अर्थ असा, की हळदीचे भाव पडले किंवा पाऊस उलटला, तर पेठेला त्याची झळ लागल्यावाचून राहत नाही. ही झळ लगेच दिसत नाही, ही यातील अडचण. उधारी वसूल झाली नाही म्हणून दुकानदार त्याच महिन्यात दुकान मोडत नाही. तो घाऊक व्यापाऱ्याकडे मुदत मागतो, माल कमी भरतो, घरचे दागिने गहाण ठेवतो, पुढच्या हंगामाची वाट पाहतो. २०१४ व २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे मराठवाड्यात दुष्काळाची गेली. अशा काळात मोडलेल्या दुकानांची गणना त्याच वर्षी केली, तर ती कमी भरेल. बंद होण्याची खरी लाट एखाद-दोन वर्षांनी येते आणि तोवर पाऊस चांगला झालेला असतो. मग 'पीक उत्तम असूनही दुकाने का बंद होतात' असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर दोन वर्षांपूर्वीच्या खातेवहीत असते.

याच काळात वेगळ्या स्वरूपाचे धक्केही बसले. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजार रुपयांच्या नोटा चलनातून काढण्यात आल्या. आडत बाजारातील रोख व्यवहार त्या हंगामात अडखळले. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू, त्यामागोमाग २५ मार्चपासूनची देशव्यापी टाळेबंदी आणि एप्रिल व मे २०२१ मधील निर्बंध यांनी तर पेठेचे दोन भाग केले. किराणा, औषधे, दूध, भाजीपाला ही दुकाने मर्यादित वेळ का होईना चालू राहिली. कापड, पादत्राणे, भांडी, केशकर्तनालये, शालेय साहित्य यांची दुकाने मात्र लग्नसराईच्या आणि शाळा उघडण्याच्या ऐन हंगामात मिटलेली होती, आणि तीही लागोपाठ दोन वर्षे.

मोजणी कशी होते

देशातील सर्व आस्थापनांची मोजणी करणारी आर्थिक गणना पहिल्यांदा १९७७ मध्ये झाली. त्यानंतर १९८०, १९९०, १९९८, २००५ आणि २०१३ अशा गणना झाल्या. २००५ मध्ये देशात सुमारे ४ कोटी १३ लाख आस्थापना आढळल्या होत्या. सहाव्या गणनेत त्या सुमारे ५ कोटी ८५ लाख झाल्या. त्यांतील जवळजवळ ७२ टक्के आस्थापनांत एकही पगारी माणूस नव्हता. म्हणजे मालक आणि घरची माणसे हेच नोकर. हिंगोलीतील बहुसंख्य दुकाने याच वर्गात मोडतात. सातव्या गणनेचे क्षेत्रकाम २०१९ मध्ये सुरू झाले, परंतु तिचे अंतिम निष्कर्ष प्रसिद्ध झाले नाहीत. त्यामुळे दुकानांची घरोघर फिरून केलेली व लोकांपुढे आलेली शेवटची मोजणी २०१३ चीच ठरते.

असंघटित क्षेत्रातील बिगरशेती उद्योगांच्या राष्ट्रीय नमुना पाहण्या यानंतरच्या काळावर थोडा प्रकाश टाकतात. २०१५-१६ मध्ये असे सुमारे ६ कोटी ३४ लाख उद्योग होते. २०२१-२२ मध्ये ते ५ कोटी ९७ लाखांवर आले, २०२२-२३ मध्ये ६ कोटी ५० लाख आणि २०२३-२४ मध्ये ७ कोटी ३४ लाख झाले. मधल्या काळातील घट आणि नंतरची भर हे दोन्ही यात दिसतात. या पाहण्या संपूर्ण देशाच्या आणि केवळ दुकानांच्या नव्हेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

परंतु गणना असो वा पाहणी, तिच्यात एका विशिष्ट वेळी उभी असलेली दुकाने मोजली जातात. समजा, एखाद्या पेठेत शंभर दुकाने होती आणि पाच वर्षांनी एकशेचार भरली. यावरून पेठ शांतपणे थोडी वाढली असा कोणाचाही समज होईल. प्रत्यक्षात तेथे एकही दुकान बंद न होता चार नवी उघडली असतील. किंवा चाळीस बंद होऊन चव्वेचाळीस नवी आली असतील. पहिल्या पेठेत दुकान मांडणे सुरक्षित आहे. दुसऱ्या पेठेत पाच वर्षांत दर पाच दुकानदारांपैकी दोघांनी भांडवल गमावलेले असू शकते. आकडा दोन्हीकडे एकच. म्हणून उघडलेली दुकाने आणि बंद झालेली दुकाने यांची स्वतंत्र नोंद झाल्याखेरीज व्यापाराची खरी स्थिती कळत नाही.

ही नोंद कायद्यानुसार व्हावयास हवी. पूर्वी १९४८ चा दुकाने व आस्थापना अधिनियम लागू होता; लोक त्याला 'गुमास्ता' किंवा 'शॉप ॲक्ट' म्हणत. त्याखालील नोंदणीचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागे. दुकानदारांच्या दृष्टीने ही कटकटच होती. तथापि नूतनीकरणास न आलेले दुकान बंद झाले असावे, एवढा अंदाज तरी त्यावरून बांधता येत असे. १९ डिसेंबर २०१७ पासून महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ अमलात आला. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना नोंदणीची सक्ती उरली नाही. व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाईन सूचना दिली की पुरे झाले. ती पुन्हा पुन्हा नूतनीकृत करण्याची गरज नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीस कामगारांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. लहान दुकानदाराचे हेलपाटे वाचले, ही सुधारणा स्वागतार्हच आहे. मात्र तिच्यामुळे दुकान जिवंत असल्याची ती जुनी खूण नाहीशी झाली. दुकान बंद केल्याचे कळवण्याची तरतूद कायद्यात आहे. ती पाळण्यात दुकानदाराचा काही लाभ नसतो. बँकेत चालू खाते उघडण्यास दुकान सुरू केल्याची पावती लागते, म्हणून सुरुवातीची सूचना तत्परतेने दिली जाते. माल विकून, गाळ्याची अनामत परत घेऊन गावी परतलेला मनुष्य शेवटची सूचना देण्यासाठी पुन्हा संगणक केंद्रावर कशाला जाईल?

वस्तू व सेवा कराची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे नोंदणी रद्द करून घेतली नाही, तर विवरणपत्रे भरण्याची जबाबदारी कायम राहते व विलंब शुल्क चढत जाते. म्हणून बंद झालेल्या दुकानाची नोंद तेथे अधिक विश्वसनीय असते. परंतु १ एप्रिल २०१९ पासून केवळ मालाची विक्री करणाऱ्यांसाठी नोंदणीची मर्यादा वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत वाढवण्यात आली. खेड्यातील किराणा दुकान त्या मर्यादेच्या जवळपासही पोहोचत नाही. कृषी सेवा केंद्रांबाबत मात्र चित्र पुष्कळच स्वच्छ आहे. बियाणे, खते व कीटकनाशके यांसाठी तीन स्वतंत्र परवाने लागतात आणि अनुदानित खताची प्रत्येक विक्री यंत्रावर नोंदवावी लागते. एखाद्या केंद्रातून सबंध खरिपात एकही पोते नोंदले गेले नाही, तर ते चालू नाही हे कृषी विभागाला जागेवर न जाताही समजते.

खेड्यातील शेवटचे दुकान

शहरातील पेठेत एक दुकान मिटले तर शेजारचे असते. आठशे-हजार वस्तीच्या गावात दोनच किराणा दुकाने असतील आणि त्यांतील एक मिटले, तर उरलेल्याचा भाव हाच गावचा भाव होतो. दोन्ही मिटली, तर मोटारसायकल असलेल्याला फारसे बिघडत नाही. तो तालुक्याला जातोच. अडचण होते ती वृद्धांची, एकट्या राहणाऱ्या स्त्रियांची आणि ज्यांना आठवड्याच्या मजुरीवर मीठ-तेल उधार न्यावे लागते अशा कुटुंबांची. तालुक्याच्या मोठ्या दुकानात माल स्वस्त मिळेल, पण तेथे त्यांचे खाते नसते. रास्त भाव दुकान धान्य देते; साबण, काडेपेटी, चहा-साखरेसाठी रोजचे दुकानच लागते. पक्के रस्ते व वाहने वाढल्याने खेड्यातील गिऱ्हाईक तालुक्याकडे वळले आहे, हे कोणीही मान्य करील. मागे राहिलेल्यांच्या सोयीचा विचार त्या मानाने कमी झाला आहे.

जपानचा अनुभव येथे उद्बोधक आहे. त्या देशात दर काही वर्षांनी व्यापार गणना होत असे. १९८२ मध्ये तेथे सुमारे १७ लाख २० हजार किरकोळ दुकाने होती. २००७ पर्यंत ती सुमारे ११ लाख ४० हजारांवर आली. मोठ्या विक्री भांडारांची स्पर्धा हे त्याचे एक कारण. परंतु मालक वृद्ध झाले आणि पुढे दुकान चालवणारे कोणी राहिले नाही, हे दुसरे कारणही तितकेच महत्त्वाचे होते. लहान गावांतील पेठांत ओळीने उतरलेली शटरे दिसू लागली आणि म्हाताऱ्या माणसांच्या रोजच्या खरेदीचा प्रश्न तेथील शासनाला हाती घ्यावा लागला. क्रमाने होणारी गणना हाताशी असल्यामुळे ही घसरण आकड्यांत तरी लोकांच्या दृष्टीस पडली.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात अशी माहिती मिळवण्यास नवीन यंत्रणा उभारावी लागेल असे नाही. नगरपरिषदा दर चार वर्षांनी मालमत्ता कराची फेरआकारणी करतात. त्या वेळी प्रत्येक गाळा कोणत्या वापरात आहे हे पाहिले जातेच. 'मागील आकारणीच्या वेळी येथे काय होते' हा एक रकाना त्यात वाढवला, तर उघडझाप आपोआप नोंदली जाईल. महावितरणकडे व्यापारी वर्गवारीच्या ग्राहकांची यादी असते आणि कायमचा खंडित झालेला वीजपुरवठा हा दुकान मिटल्याचा बराचसा भरवशाचा पुरावा होय. ग्रामपंचायतीच्या हद्दीत दुकाने इतकी थोडी असतात, की ग्रामसेवकाला ती तोंडपाठ असतात. महाविद्यालयातील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी दर दिवाळीनंतर एकाच पेठेतून फेरी मारून पाट्या उतरवून घेतल्या, तरी पाच वर्षांत जी वही तयार होईल ती कर्ज मंजूर करणाऱ्या शाखाधिकाऱ्याला उपयोगी पडेल. दर वर्षी प्रसिद्ध होणाऱ्या जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनात दुकाने व आस्थापनांचा तक्ता असतो. त्यात 'वर्षात बंद झालेली' असा एक स्तंभ घालता येण्यासारखा आहे.

दुकान कायमचे बंद करणाऱ्यांनी तोपर्यंत दोन-तीन गोष्टी स्वतःच्या हितासाठी कराव्यात. दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली ज्या संकेतस्थळावरून सुरुवातीची सूचना दिली होती, तेथूनच व्यवसाय बंद केल्याची सूचना द्यावी व तिची प्रत जपून ठेवावी. वस्तू व सेवा कराची नोंदणी असल्यास ती रद्द करण्याचा अर्ज करून अंतिम विवरणपत्र भरावे. वीजमीटर आपल्या नावावर असेल तर पुरवठा कायमचा खंडित करण्याचा लेखी अर्ज द्यावा. अन्यथा पुढच्या भाडेकरूची थकबाकी जुन्याच नावावर चढत राहते. व्यवसायासाठी कर्ज घेतलेले असल्यास हप्ता चुकण्याची वाट न पाहता बँकेच्या शाखेत जाऊन परिस्थिती सांगावी. परतफेडीची मुदत वाढवून घेण्याची बोलणी खाते थकीत होण्यापूर्वी सोपी असतात.